केडगावच्या मनोरमाबाई

पंडिता रमाबाईंच्या बहुतेक चरित्रांत मनोरमा आपल्याला तीन वेळा भेटते. जन्मते तेव्हा, आईबरोबर विलायतेच्या बोटीवर चढते तेव्हा आणि मरण पावते तेव्हा. मधल्या काळात ती ‘त्यांची कन्या’ एवढ्याच नावाने कुठेतरी वावरत असते. आपल्या बाईंना हे फार खटकायचे. रमाबाईंचा धडा शिकवताना पुस्तकातली ती एक ओळ आली की त्या पुस्तक मिटून ठेवायच्या आणि म्हणायच्या, “आता शाळा कोणी चालवली ते सांगते.”

बाईंचा फोटो या स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर आहे, त्यामुळे त्यांचे नाव इथे पुन्हा लिहीत नाही. त्यांच्यावर आपल्यापैकी पुष्कळांनी लिहिले असेल. त्यांचा आवाज, त्यांचा छत्रीचा दांडा, जोडाक्षर चुकले की थांबणारी त्यांची बोटे, हे सगळे इतर लेखांत येईलच. मी लिहायला बसले ते मनोरमाबाईंवर, कारण बाईंनी आपल्याला स्वतःबद्दल कधी काही सांगितले नाही, पण या एका शिक्षिकेबद्दल मात्र त्या वर्षानुवर्षे सांगत राहिल्या. संगणकाच्या धंद्यात असल्यामुळे इतिहास माझा विषय नाही. तरी गेल्या दोन वर्षांत जे वाचता आले त्यावरून हा लेख जुळवला आहे.

मनोरमाचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. वडील बिपिन बिहारी मेधावी हे बंगाली वकील. रमाबाई चित्पावन ब्राह्मण घरातल्या, हे जातीने वेगळे आणि प्रांतानेही वेगळे. १८८० साली दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. आजही घरात अशा लग्नाचा विषय निघाला की आवाज खाली जातात, तेव्हाची कल्पनाच करावी. संसार दीड वर्षाचाही झाला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले आणि दहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. आईवडील दुष्काळात गेलेले, एकुलता उरलेला भाऊ दोन वर्षांपूर्वी गेलेला. सगळ्या जगात रक्ताचे माणूस म्हणून उरली ती ही तान्ही पोर.

पुण्यात त्याच वर्षी रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षक तयार करा, बायकांना तपासायला स्त्री डॉक्टर तयार करा, हा त्या साक्षीचा गाभा. पुढच्या वर्षी स्वतः शिकायला त्या इंग्लंडला निघाल्या. तिकिटाला पैसे कुठून आले? ‘स्त्री धर्मनीती’ या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीतून. दोन वर्षांची मनोरमा अर्थातच बरोबर होती.

इथे आपल्या पुण्याचा एक धागा आहे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये वांटेज गावच्या सेंट मेरी मठाच्या सिस्टर काम करत होत्या. त्यांच्या ओळखीने रमाबाई वांटेजला पोचल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आपल्या बाई दर रविवारी याच पंचहौदच्या देवळात जायच्या. देऊळ हा त्यांचाच शब्द. “आमच्या देवळात” असे त्या म्हणायच्या आणि आपल्यापैकी निम्म्यांना वाटायचे की त्या धारेश्वराबद्दलच बोलताहेत. तिथे संडे स्कूल घ्यायचे, नाताळाच्या आधी झाडझूड करायची, वेदीवरची फुले बदलायची, आजारी माणसांकडे डबा पोचवायचा, अशी कामे त्यांनी तीसहून अधिक वर्षे केली, आणि यातले आपल्याला काहीही माहीत नव्हते. गेल्या वर्षी त्यांच्या अंत्यविधीला आपण तीस-चाळीस जण त्या देवळाच्या दारात उभे होतो आणि चपला बाहेर काढायच्या की नाही यावर कुजबुजत होतो, तेव्हा कळले.

इंग्लंडमध्ये रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि संस्कृत शिकवत. मनोरमा बराच काळ वांटेजला सिस्टरांकडे असे. तिच्यावरून आई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात जो पत्रव्यवहार झाला तो आज छापील उपलब्ध आहे. जेराल्डिन यांनी स्वतःच ती पत्रे जमवून ठेवली होती आणि अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केली. वाचताना गंमतही वाटते आणि पोटात कालवतेही. मुद्दा असा होता की, बाप्तिस्मा घेतला म्हणून चर्चची प्रत्येक शिकवण रमाबाईंनी मान्य केली नव्हती. जे मला स्वतःला पटलेले नाही ते माझ्या मुलीच्या डोक्यात भरू नका, असे त्यांचे म्हणणे. सिस्टरांना हा अहंकार वाटे. शाकाहारावरूनही खटके उडत. रमाबाईंना भीती होती की मुलगी परकी होईल, आपल्या माणसांची राहणार नाही. दोन मोठ्या, हट्टी आणि मनाने चांगल्या बायका एका चार वर्षांच्या मुलीचे मन कोणाचे यावर भांडताहेत. मुलीचे म्हणणे त्यात कुठे नाही. चार वर्षांच्या मुलीचे असणार तरी काय!

१८८६ च्या सुरुवातीला त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे, फिलाडेल्फियात, ११ मार्च १८८६. मनोरमा तेव्हा पाच वर्षांचीही नव्हती. जाता जाता एक सांगायला हवे. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि ११ मार्च १८९३ रोजी त्या सदनाची विद्यार्थिनी गोदूबाई हिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये. पण आपल्याकडच्या परीक्षेत सनावळी पाठ करायला हे फार सोयीचे पडते, आणि बाईंनी ते आपल्याकडून पाठ करून घेतलेच होते. गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, बाया. सिंहगड रस्त्यावरून राजाराम पूल ओलांडला की आपण ज्या कर्वेनगरात शिरतो, त्या हिंगण्याच्या माळावर अण्णासाहेबांनी १९०० साली आपला आश्रम नेला. म्हणजे ज्या संस्थेच्या वाटेने आपल्या वर्गातल्या किती मुली कॉलेजला गेल्या, तिच्या पायाचा एक दगड शारदा सदनात घडला होता.

१८९० च्या अखेरीस शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले. नेमका तोच हंगाम पंचहौद मिशनच्या चहाचा. ऑक्टोबरमध्ये मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, कोणी घेतली, कोणी नुसता कप पुढे ओढला, आणि त्यांची नावे छापून आल्यावर शहरात जो गोंधळ झाला त्यात न्या. रानडे आणि टिळक दोघेही सापडले. हे सगळे घडवून आणणारे गोपाळराव जोशी म्हणजे आनंदीबाईंचे पती. मिशनच्या कपातला चहा कोणी प्यायला हे मोजणाऱ्या गावात एक ख्रिस्ती बाई ब्राह्मण विधवांचे वसतिगृह घेऊन आली होती. सदनात धर्मशिक्षण द्यायचे नाही, ज्या त्या मुलीने आपापला धर्म पाळावा, अशी अट होती आणि रमाबाईंनी ती कबूल केलेली होती. सोवळ्याचा स्वयंपाक वेगळा होत होता.

अडचण एका दाराची झाली. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमाला घेऊन प्रार्थना करत आणि त्या वेळी दार उघडे असे. कोणाला बोलवायचे नाही, आले तर हाकलायचे नाही. मुली येऊ लागल्या. आधी एक, मग चार, मग बऱ्याच. हे बाहेर कळल्यावर पुणे पेटले. ‘केसरी’ने कोरडे ओढले. रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार मंडळातले स्नेही १८९३ मध्ये बाजूला झाले आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादावर दोन्ही बाजूंनी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही. माझे मत विचाराल तर रमाबाईंनी अट मोडली नाही, पण ते दार उघडे ठेवताना काय होईल हे त्यांच्यासारख्या बुद्धिमान बाईला कळत नव्हते असेही मला वाटत नाही. ज्या आईबापांनी विधवा लेक विश्वासाने ठेवली त्यांचा राग खोटा नव्हता. आणि नेऊन त्या लेकींना परत त्याच अंधाऱ्या माजघरात बसवले, हेही खोटे नव्हते. मला विचार येतो तो त्या खोलीत आईशेजारी गुडघे टेकून बसलेल्या बारा वर्षांच्या मुलीचा. कालपर्यंत बरोबर वेणीफणी करणाऱ्या मैत्रिणी एका आठवड्यात गाठोडी बांधून गेल्या, आणि कारण काय, तर आपण आणि आई रोज संध्याकाळी जे करतो ते. अशा वेळी मुलगी एकतर त्या साऱ्याचा तिरस्कार करू लागते किंवा सगळे स्वतःच्या अंगावर घेते. मनोरमेने काय केले ते तिच्या पुढच्या आयुष्यावरून दिसते.

पुढे तिला शिकायला पुन्हा बाहेर पाठवले. इंग्लंडमध्ये काही काळ आणि नंतर अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ चिली गावच्या चेसब्रो सेमिनरीत. ती तिकडे असताना इकडे सगळे उलटेपालटे झाले. १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या, तीनशेच्या आसपास. पुण्यात त्याच वेळी प्लेग. मुलींना ठेवायचे कुठे? केडगावला उत्पन्नासाठी फळबाग म्हणून घेतलेली शंभर एकर जमीन होती, तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. पाठोपाठ १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ आला, त्यात गुजरातेतून मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. सदनातल्या साठेक विधवांपासून तीन-चार वर्षांत दोन हजार. आमच्या क्षेत्रात वापरणारे असे अचानक वाढले तर यंत्रणा कोसळते आणि दुसऱ्या दिवशी माफीचे पत्र निघते. इथे यंत्रणा म्हणजे विहीर, चूल, जाते आणि शिकवणाऱ्या मूठभर बायका. त्यात नव्या मुलींपैकी काही हिंदी बोलणाऱ्या, काही गुजराती, काहींना भुकेने बोलणेच सुचत नव्हते.

नव्या शतकाच्या तोंडावर मनोरमाबाई परत आल्या त्या या गर्दीत. वय एकोणीस-वीस. एव्हाना सल्लागार मंडळ आणि तटस्थतेची अट दोन्ही मागे पडली होती. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती मिशन होते आणि तिथल्या मुली ख्रिस्ती म्हणूनच वाढत होत्या. हे सांगायला संकोच नको, बाईंनीही कधी झाकले नाही. रमाबाईंच्या अंगावर दोन हजारांचे अन्न, देणग्या, बांधकामे, विणकाम, तेलघाणा, छापखाना होता, आणि पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करायला घेतले. त्या कामाने त्यांची शेवटची पंधरा-अठरा वर्षे खाल्ली. आई भाषांतराच्या मेजावर बसू शकली ती वर्गात कोणीतरी उभे होते म्हणून, हा सरळ हिशेब आहे. तो हिशेब मनोरमाबाईंच्या नावावर कोणी मांडत नाही. शारदा सदनाच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतली. परदेशांत जाऊन संस्थेसाठी बोलल्या, पैसे उभे केले. लग्न केले नाही.

बाई ज्यावर सर्वांत जास्त वेळ थांबत ती गोष्ट अंध मुलींची. दुष्काळात उपासमारीने आणि देवीसारख्या रोगांनी किती मुलांची दृष्टी जाते हे आज आपल्याला वैद्यकीय भाषेत सांगता येते, तेव्हा त्या मुली नुसत्या ‘आंधळ्या’ म्हणून येत आणि भिंतीशी बसून राहत. मुक्तीत त्यांच्यासाठी वेगळे घर झाले, बर्तिमी सदन. बायबलमध्ये येशू ज्या आंधळ्या भिकाऱ्याला दृष्टी देतो त्याचे हे नाव. मनोरमाबाईंनी अंधांना शिकवण्याची पद्धत अमेरिकेत समजून घेतली होती, ती त्यांनी इथे आणली आणि त्या मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. भारतातली अंधांची पहिली शाळा अमृतसरला १८८७ साली निघाली होती, म्हणजे हे शिक्षण देशातच जेमतेम बारा-पंधरा वर्षांचे होते.

इथे मला माझ्या धंद्याचे थोडे सांगू द्या, एरवी वर्गात मी मागच्या बाकावरच होते. ब्रेलमध्ये एका घरात सहा ठिपके. प्रत्येक ठिपका उठलेला किंवा न उठलेला, म्हणजे शून्य किंवा एक. सहा ठिपक्यांच्या ६४ जुळण्या होतात, त्यातली एक कोरी, उरल्या ६३. आता मराठी बसवा त्यात. स्वर, व्यंजने, अंक, विरामचिन्हे आणि आपली लाडकी जोडाक्षरे. आणखी एक पेच म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ती आपण लिहितो व्यंजनाच्या आधी आणि उच्चारतो नंतर. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. गंमत अशी की संगणकाच्या पोटातही ती व्यंजनानंतरच साठवली जाते, पडद्यावर दाखवताना फक्त उचलून पुढे ठेवतात. म्हणजे बोटांनी वाचणारी मुलगी आणि यंत्र यांचा या बाबतीत एकोपा आहे, डोळ्यांनी वाचणारे आपणच वेगळे. पण ही सगळी घडी नंतर बसली. भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली ती १९५१ मध्ये. मनोरमाबाईंच्या काळी निरनिराळ्या मिशनांच्या, निरनिराळ्या माणसांच्या आपापल्या जुळण्या होत्या. एका शाळेत शिकलेली मुलगी दुसऱ्या शाळेचा कागद वाचू शकेलच असे नव्हते. तयार पुस्तके नाहीत. जे वाचायला द्यायचे ते आधी कोणीतरी जाड कागदावर एकेक ठिपका टोचून काढायचे.

आपल्यातल्या ज्यांनी नववीत असताना लेखनिक म्हणून काम केले त्यांना आता काय आठवत असेल ते मला माहीत आहे. दहावीच्या अंध मुलांना पेपर लिहायला खालच्या इयत्तेतला लेखनिक लागतो. बाई दर वर्षी आपल्या वर्गातून सात-आठ जण निवडायच्या आणि पीएमटीत बसवून स्वतः घेऊन जायच्या. धायरी तेव्हा पुण्यात धरली जात नसे, ती पूर्णपणे महापालिकेत गेली ती २०१७ साली. एक बस चुकली तर पुढचीची तासभर वाट पाहावी लागे. म्हणून बाई पहाटेच थांब्यावर उभ्या असायच्या. निघण्यापूर्वी एकच सूचना, “ती सांगेल तेवढंच लिही. तुला येतं म्हणून तुझं घालू नकोस. ती थांबली तर तूही थांब.” मी ज्या मुलीचा पेपर लिहिला ती भूमितीच्या प्रश्नावर सहा-सात मिनिटे गप्प होती. मला उत्तर येत होते. हातात पेन आणि तोंडात उत्तर घेऊन गप्प बसणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी शिकले. नंतर तिने सांगायला सुरुवात केली आणि तिचे उत्तर माझ्यापेक्षा दोन पायऱ्यांनी लहान निघाले. परतताना बसमध्ये बाईंनी केडगावच्या त्या घराची आणि ठिपके टोचणाऱ्या मनोरमाबाईंची गोष्ट सांगितली. त्या वर्षीही सांगितली आणि, पुढच्या तुकडीतल्या मुली सांगतात, दर वर्षी सांगितली.

१९१२ साली मनोरमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. आईच्या पाठिंब्याने गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, मुलींच्या शिक्षणाच्या दृष्टीने मागासलेला भाग. आजचे कलबुर्गी. नकाशा पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. पुण्याहून निघालेला रूळ केडगाव, दौंड, सोलापूर करत गुलबर्ग्याला जातो. दोन्ही शाळा एकाच लोहमार्गावर. एकीकडे आईची संस्था, दुसरीकडे स्वतः उभी केलेली शाळा, आणि मधे शेकडो किलोमीटर. त्यांच्या आयुष्यातले मला सर्वांत आवडणारे पान हे आहे. कारण केडगावला त्या जे काही करत होत्या ते रमाबाईंचे म्हणून मोजले जाणार, हे त्यांना ठाऊक असणारच. गुलबर्ग्याला परका मुलूख, वेगळी भाषा, नव्याने ओळखी करायच्या. तिथे त्या नुसत्या शाळेच्या बाई होत्या.

त्यांचे आयुष्य त्यांचे स्वतःचे होते का, हा प्रश्न मला हे सगळे वाचताना सारखा पडत होता. ज्या रमाबाईंनी बाईला निवडीचा हक्क हवा म्हणून सारे आयुष्य भांडण्यात घालवले, त्यांच्याच मुलीचे शिक्षण, प्रवास, काम, सगळे संस्थेच्या गरजेप्रमाणे ठरत गेले. शिकायला पाठवले तेव्हा संस्थेसाठी, परत बोलावले तेव्हाही संस्थेसाठी. मुलीने तक्रार केल्याचे माझ्या वाचनात आले नाही. पण तक्रार नाही म्हणजे दुःख नाही असे नसते. बाईंना मी एकदा हे विचारले होते, कॉलेजात असताना. एरवी झटकन उत्तर देणाऱ्या बाई जरा गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आईची होती की नाही ते मला नाही सांगता यायचं. पण वर्गात ती स्वतःची असणार. वर्गात दुसऱ्याचं होऊन उभं राहता येत नाही, पोरी लगेच ओळखतात.” माझे यावर पूर्ण समाधान झालेले नाही. पण बाई हे स्वतःबद्दलही बोलत होत्या, एवढे त्या अंत्यविधीच्या दिवशी लक्षात आले. सहा दिवस आपल्या वर्गात त्या कधी देवाचे नाव काढत नसत, सातव्या दिवशी देवळात पोरांना गाणी शिकवत. कधी एकीतले दुसरीकडे आणले नाही. आणि तरी बाई दोन्हीकडे तीच होती. तिथल्या संडे स्कूलच्या मुलांनी मला विचारले, “तुमच्याकडे पण थांबायच्या का, जोडाक्षर चुकलं की?”

मनोरमाबाईंची प्रकृती मुळात नाजूक होती आणि काम नाजूक नव्हते. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक दिले, तोवर त्या स्वतःही थकल्या होत्या. १९२० मध्ये आपल्यामागे मुक्तीचा कारभार मनोरमा पाहील असे त्यांनी ठरवून टाकले. असे ठरवण्यात अर्थातच गृहीत असते की मूल मागे राहील. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. वय चाळीस. मी हे लिहिते आहे तेव्हा तिच्यापेक्षा वयाने मोठी आहे. तिच्यापेक्षा म्हणाले, हातून एकेरी गेले, तसेच राहू देते.

तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन पुण्यात आलेली आई त्यानंतर साडेआठ महिने जगली. तेवढ्या दिवसांत तिने भाषांतराचे उरलेले काम पुढे रेटले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या आणि मुक्तीचा भार लिसा हेस्टी या न्यूझीलंडच्या सहकारी बाईंनी उचलला. रमाबाईंचे सबंध मराठी बायबल छापून पूर्ण झाले ते त्यांच्या मागे, १९२४ मध्ये, केडगावच्याच छापखान्यात. खिळे जुळवायला, फर्मे लावायला, पाने दुमडायला सगळ्या तिथल्याच मुली होत्या, दुष्काळातून आलेल्या आणि मनोरमाबाईंच्या शाळेत पहिले अक्षर गिरवलेल्या.